कॅन्सरच्या ऑपरेशननंतर घरी सांभाळताना या चुका टाळा

जळगाव-अमळनेर पट्ट्यात मी पेशंटच्या घरी ड्रेसिंगला जाते. पाणी हातात येण्याआधी वाक्य कानावर येतं, "शेजारच्या आबांचंही झालं होतं, त्यांनी तर आठवड्यात भाकरी खाल्ली." अहो, आबांचं आतड्याचं, तुमच्या नानांचं जबड्याचं! नानांचं डिस्चार्ज कार्ड आधी वाचा.

सगळ्यात जास्त खेळ होतो नाकातून पोटात जाणाऱ्या, जेवण द्यायच्या नळीशी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एका घरी भाच्याने मामांना नळीतून आमरस दिला. सण आहे ना! गावठी आंबा, दोराच दोरा. नळी तुंबली. याने सिरिंजचा दांडा दाबला, मग नळी जरा ओढून बघितली, ती आली हातात. वर गडी ती परत घालायला निघालेला! आतले टाके ओले, नळी श्वासनलिकेत गेली तर जिवावरच बेतायचं. नळी निघाली की तोंडाने काही न देता दवाखाना गाठायचा.

मी नाकपुडीशी नळीवर पेनाने खूण करते. खूण सरकलेली दिसली तर थेंबही देत नाही. नागलीची पेज असो की वरणाचं पाणी, धुतलेल्या सुती फडक्यातूनच गाळते. चहाच्या गाळणीवर माझा विश्वास नाही. पेशंट बसता, सिरिंजचा दांडा काढलेला, पेज आपोआप उतरू द्यायची. आधी-नंतर पाणी. पुढे अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही. घाई असेल त्याने सिरिंज दुसऱ्याच्या हाती द्यावी. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात सकाळची पेज दुपारी आंबलेली असते, दर वेळी ताजी करा.

स्तनाच्या ऑपरेशननंतर बाईचा त्या बाजूचा हात जपून जपून खांदा आखडवून ठेवतात. मूठ उघड-मीट पहिल्या दिवसापासून चालते. भिंतीवर बोटं चढवणं डॉक्टर सांगतील तेव्हा. त्या हाताला सुई, बीपीचा पट्टा शक्यतो नको.

ड्रेन म्हणजे जखमेतलं पाणी-रक्त बाहेर काढणारी नळी. तिच्या टोकाचा फुगा दाबलेलाच हवा. रोज ठरल्या वेळी किती मिली आलं ते वहीत लिहा.

टाक्यांवर हळद नको.

"तंबाखू सोडली, नुसती मशेरी लावतो." मशेरी तंबाखूचीच असते, दादा.

ताप चढला, टाक्यातून पू आला, फुग्यात एकदम लालभडक रक्त दिसलं, तर कार्डावरच्या नंबरला फोन लावा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.