इंग्रजी प्रिपोझिशन आणि फ्रेजल व्हर्ब : या चुका टाळा

मराठी प्रत्ययाला एक ठरलेला इंग्रजी शब्द चिकटवून टाकला की चुका सुरू होतात. ‘ला’ दिसला की ‘टु’, ‘शी’ दिसला की ‘विथ’. म्हणून ‘मॅरिड विथ अ डॉक्टर’ लिहिलं जातं. बरोबर आहे ‘मॅरिड टु’. ‘आस्क्ड टु हिम’मध्ये ‘टु’ नकोच, उलट ‘एक्स्प्लेन मी’मध्ये हवाच : ‘एक्स्प्लेन इट टु मी’. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लागत नाही. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ बहुधा ‘कीप अप विथ’मधून घुसला असावा; तो काढा. क्रियापद पाठ करतानाच त्याचं प्रिपोझिशनही, म्हणजे ‘टु’, ‘विथ’सारखा संबंध दाखवणारा छोटा शब्दही, सोबत पाठ करावं.

सगळ्यात जास्त घात करतो तो ‘पर्यंत’. ‘पाचपर्यंत रिपोर्ट पाठव’ म्हणजे काम पाचच्या आत एकदा उरकायचं, म्हणून ‘बाय फाइव्ह’. ‘पाचपर्यंत थांब’ यात थांबणं पाच वाजेपर्यंत चालूच राहतं, म्हणून ‘अंटिल फाइव्ह’. ‘सेंड इट अंटिल फाइव्ह’ लिहिलंत, तर पाच वाजेपर्यंत पाठवतच राहा, असा अर्थ निघतो! ‘पासून’लाही दोन वाटा आहेत. सुरुवात सांगायची तर ‘सिन्स 2019’, कालावधी सांगायचा तर ‘फॉर थ्री इयर्स’. असं ‘सिन्स’ किंवा ‘फॉर’ लावून अजून चालू असलेलं काम सांगायचं, तर ‘आय ॲम वर्किंग’ चालत नाही, ‘आय हॅव बीन वर्किंग’ म्हणावं लागतं.

फ्रेजल व्हर्बमध्ये, म्हणजे ‘टर्न ऑफ’सारख्या जोडशब्दी क्रियापदात, गडबड होते ती सर्वनामाच्या जागेची. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ दोन्ही बरोबर. पण ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं : ‘टर्न इट ऑफ’. ‘लुक आफ्टर’ मात्र तुटत नाही, तिथे ‘लुक आफ्टर हिम’च. कोणतं तुटतं, हे अंदाजाने ठरवू नका. शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशात बहुधा ‘टर्न समथिंग ऑफ’, ‘लुक आफ्टर समबडी’ असं छापलेलं असतं; ‘समथिंग’ कुठे आहे तेवढं पाहायचं.

ईमेलमधली नेहमीची चूक म्हणजे ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’. इथला ‘टु’ प्रिपोझिशन आहे, म्हणून ‘टु मीटिंग यू’. शंका आली तर ‘टु’नंतर नुसतं नाम ठेवून पाहा. ‘लुकिंग फॉरवर्ड टु द ट्रिप’ जमतं, म्हणजे क्रियापदाला ‘आयएनजी’ लागणार. ‘आय वॉन्ट टु द ट्रिप’ जमत नाही, तिथे मूळ रूपच ठेवा.