आग्र्यापुढे धुकं आहे, निघण्याआधी हे बघा

नाताळच्या सुट्टीत नागपूरहून झाशी-ग्वाल्हेरमार्गे दिल्लीला गाडीने निघणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आग्र्यापर्यंतचं तुमचं तुम्ही बघून घ्याल. प्रश्न पुढच्या 165 किलोमीटरच्या यमुना एक्सप्रेसवेचा आणि तिथल्या डिसेंबर-जानेवारीच्या धुक्याचा आहे.

टायरची हवा, ब्रेक, स्टेपनी, फास्टॅग बघालच.

मागचे दिवे मात्र सांगावेच लागतील, कारण गेल्या खेपेला मी नेमके तेच बघितले नाहीत. पुढे डीआरएल, म्हणजे दिवसा आपोआप लागणारे छोटे दिवे, लागलेले, डॅशबोर्ड उजळलेला, म्हणजे दिवे चालू असं धरून चाललो. टोलनाक्यावर मागच्या ट्रकचा क्लीनर उतरला आणि डिकीवर थाप मारून म्हणाला, "पीछे अंधेरा है, भाईसाब!" बऱ्याच गाड्यांत नुसत्या डीआरएलवर मागे काहीच पेटत नाही. ऑटो मोडच्या भरवशावरही राहू नका. सकाळी आठचं धुकं पांढरंफटक असतं, सेन्सरला तो उजेडच वाटतो. खटका हाताने लो बीमवर फिरवा, खाली उतरा, मागे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ब्रेक लाइटसाठी कुणाला तरी पेडल दाबायला सांगा. मागे लाल फॉग लॅम्प असेल तर त्याचं बटण बहुधा वेगळं असतं, ते घरीच शोधून ठेवा. दिव्यांवरची धूळ पुसा. आग्र्याला मुक्काम केलात तर सकाळी हे सगळं पुन्हा करा. हो, पुन्हा.

हाय बीम नको, धुक्यावर आपटून उजेड आपल्याच डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून फिरणाऱ्यांना काय म्हणावं! गाडी उभी आहे की चालतेय, वळणार की नाही, मागच्याला काही कळत नाही. ते थांबल्यावर लावायचे, किंवा पुढे अचानक गाड्या तुंबल्या तर.

वेळ. पहाटे निघालं की रस्ता मोकळा मिळतो ही आपली सवय इथे महागात पडते. पाऊस होऊन गेलाय, शेतं ओली आहेत, रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर सूर्योदयाच्या आसपास धुकं सगळ्यात दाट असतं. हॉटेलचं चेकआउट दुपारचं असताना पाचला उठून निघायचं कारण काय? दहा-अकराला, बाहेर डोकावून, मग निघा.

हिवाळ्यात इथली वेगमर्यादा 100 वरून खाली आणतात, अलीकडे लहान गाड्यांना 75. पण ती मर्यादा आहे, तेवढ्याने चालवायलाच हवं असं नाही. हवामान खातं 50 मीटरच्या आतल्या दृश्यमानतेला अतिदाट धुकं म्हणतं. 75 च्या वेगाने सेकंदाला जवळजवळ 21 मीटर जातात. ब्रेकवर पाय पडेपर्यंतच तीसेक मीटर संपले. दिसतंय तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवा, मग तो 30 का असेना. नोव्हेंबर 2017 मध्ये याच रस्त्यावर धुरक्यात एकामागून एक डझनाहून जास्त गाड्या आदळल्या होत्या. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसलात तरच तो ब्रेक मारणार, म्हणून मागचे दिवे, मागचे दिवे.

काच आतून धूसर झाली की एसी चालू ठेवून गरम हवा काचेवर सोडा, रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणं) बंद. बाहेरून वायपर.

अगदीच दिसेनासं झालं तर कडेच्या पट्टीवर उभे राहू नका, पांढरी रेघ धरून येणारा ट्रक थेट तुमच्यावर येईल. हळूहळू पुढच्या एक्झिटला किंवा जनसुविधा केंद्राला पोचा. चहा घ्या.

धडक झालीच आणि चालता येत असेल, तर गाडी सोडा, सगळ्यांना घेऊन रेलिंगपलीकडे जा, रस्त्यापासून लांब. बंपर बघायला, फोटो काढायला मागे जाऊ नका. मग 112.