चेहरा जुळतो, माणूस निसटतो: व्यक्तिचित्रण करताना या चुका टाळा

गेली २२ वर्षं मी व्यक्तिचित्रं रंगवतोय, त्यातली १४ वर्षं शिकवतोही आहे. दर जूनमध्ये नवी मुलं येतात. हातात मोबाईल, मोबाईलमध्ये कुणाचा तरी फोटो, आणि पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येकाच्या कागदावर एक सुंदर डोळा तयार. पापणीचा केस न् केस काढलेला. बाकी कागद कोरा. दरवर्षी हे बघून जीव तुटतो, कारण त्या मुलांचा हात चांगला असतो. चुकते ती सुरुवात.

डोळ्यापासून सुरुवात

एकदा डोळा पूर्ण झाला की तो मोडवत नाही. मग नाक त्या डोळ्याला जुळवून काढायचं, ओठ नाकाला जुळवायचे, आणि शेवटी लक्षात येतं की कवटीला जागाच उरली नाही. कपाळ कापलं जातं, कान पुढे सरकतो, मान गळ्यात अडकवलेल्या नळीसारखी दिसते. इतकं होऊनही मुलं खोडत नाहीत, कारण डोळा छान आलेला असतो.

जरा आठवून बघा. तिन्हीसांजेला रस्त्याच्या वळणावरून वडील येताना दिसतात. डोळे दिसत नाहीत, नाक दिसत नाही, तरी तुम्ही ओळखता. मानेच्या बाकावरून, खांद्यांच्या उतारावरून, डोक्याच्या घडणीवरून ओळखता. माणसाचं वेगळेपण आधी तिथे असतं. डोळे फार नंतर येतात.

माझी सवय अशी: पहिली पंधरा मिनिटं नाक-डोळे काढायचेच नाहीत. चारकोलची जाड कांडी शेवटच्या टोकाला धरायची, म्हणजे बारकावे काढताच येत नाहीत. डोळे किलकिले करून बघायचं आणि उजेड-अंधाराचे दोनच टोन लावायचे. केस, मान आणि खांदे मिळून एकच आकार. एवढ्यावर मॉडेलच्या घरच्या माणसाने ‘अरे, हा तर आपला अमुक’ म्हटलं तरच पुढे जायचं. नाही म्हटलं तर कापडाने झटकून टाकायचं. चारकोल झटकला की जातो, त्याची हळहळ वाटत नाही, म्हणून तर तो वापरायचा.

याच चुकीची दुसरी बाजू म्हणजे पाठ केलेली मापं. डोळे डोक्याच्या मध्यावर, दोन डोळ्यांत एका डोळ्याचं अंतर, वगैरे. ही मापं खरी आहेत, शिकलीच पाहिजेत. पण ती सरासरी माणसाची आहेत, आणि सरासरी माणूस तुमच्यासमोर कधीच येऊन बसत नाही. समोरचा माणूस त्या मापापासून कुठे आणि किती ढळतो, ते शोधायला मापं असतात. एखाद्याचं नाकाखालचं अंतर बोटभर जास्त असतं, एखादीचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा केसभर खाली असतो. विद्यार्थी नकळत ते ‘दुरुस्त’ करतात. दुरुस्त केलं की तो माणूस गेला.

पासपोर्ट फोटोवर विसंबणं

आपल्याकडे बहुतेक लोक व्यक्तिचित्र करून घेतात ते माणूस गेल्यावर. वर्षश्राद्धाला, हार घालायला, बैठकीच्या खोलीत लावायला. आणि फोटो येतो तो कुठल्या तरी कागदपत्रासाठी काढलेला. या कामाबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

आठेक वर्षांपूर्वी सातारा भागातल्या एका गावातून काम आलं. आजोबा जाऊन चार महिने झाले होते. दोन बाय अडीच फुटांचं तैलचित्र हवं होतं. नातवाने एकच फोटो दिला, पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला. मागे निळा पडदा, ताठ मान, मिटलेले ओठ, गळ्यापर्यंत बटण लावलेला इस्त्रीचा शर्ट. फोटो स्पष्ट होता, म्हणून मी दुसरं काही विचारलंच नाही. ग्राफ आखला, चेहरा बिनचूक उतरवला, तीन आठवडे रंगवलं. शर्टाच्या कॉलरची घडीसुद्धा नीट आली होती.

चित्र घेऊन मी स्वतः गावाला गेलो. मुलगा म्हणाला छान, सुना म्हणाल्या हुबेहूब. आजी मात्र बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तोंड त्यांचंच हाय. पर ह्ये असं ताठ कवा बसलं न्हाईत.”

मी खाली बसलो आणि विचारायला लागलो. ते विचारायचं होतं पहिल्या दिवशी. आजोबा एसटीत कंडक्टर होते. चामड्याच्या बॅगेचा पट्टा वर्षानुवर्षं डाव्या खांद्यावर, त्यामुळे तो खांदा कायमचा उतरलेला. उजव्या कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून कुणी बोलायला लागलं की मान उजवीकडे वळवून डावा कान पुढे करायचे. ओठ मिटलेले नसायचेच, समोरच्याला उत्तर द्यायच्या तयारीत किंचित विलगलेले असायचे. आणि उजव्या हाताचा अंगठा सतत हलायचा. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा निवृत्त होताना परत केला, पण अंगठ्याची सवय गेली नाही. फोटोवाल्याने काय केलं होतं? ‘आजोबा, मान सरळ’ म्हणून मान सरळ केली होती, खांदे सारखे करून घेतले होते आणि गालावरचा तीळ पुसला होता. मी त्याच्या वर तीन आठवडे मेहनत घेतली होती.

थोरल्या मुलाची अंगकाठी बापासारखी होती. त्याला आजोबांच्या खुर्चीत बसवलं. आजी जवळ गेल्या आणि आपल्या हातांनी त्याची मान वळवू लागल्या, खांदा दाबू लागल्या. “आनिक जरा. हां. आता बोल म्हनावं कुनीतरी.” मी तिथेच वहीत चार स्केचेस केली. मग लग्नाच्या जुन्या अल्बममध्ये आजोबा सापडले, मागच्या रांगेत, कुणाचं तरी बोलणं ऐकताना. तो फोटो अस्पष्ट होता, नखाएवढा चेहरा, पण मान तीच, खांदा तोच.

घरी येऊन नवा कॅनव्हास ताणला. जुन्यावर दुरुस्ती केली नाही, कारण बसण्याची ढबच चुकलेली असेल तर वरून रंग लावून काही होत नाही. दुसऱ्या चित्रात हातही घेतले. ते चित्र भिंतीला टेकवून ठेवलं तेव्हा आजींनी काही न बोलता डोक्यावरचा पदर सारखा केला.

तेव्हापासून गेलेल्या माणसाचं काम घेताना मी आधी घरच्यांबरोबर एक दुपार मागतो. फोटो काढला जातोय हे माहीत नसतानाचे फोटो मागतो. कुणी बघत नसताना कसे बसायचे, घड्याळ कुठल्या हातात, चष्मा नाकावर किती खाली, रागावले की आधी काय बदलायचं, हे विचारतो. घरातल्या सर्वांत जवळच्या माणसाला विचारतो, पैसे देणाऱ्याला नव्हे. ‘एवढा वेळ नाही, फोटो पाठवतो, करून द्या’ म्हणणाऱ्यांचं काम घेत नाही.

मोबाईल तोंडाजवळ नेऊन काढलेला फोटो

जिवंत मॉडेल असूनही मुलं हाताच्या अंतरावरून फोटो काढतात आणि त्यावरून रंगवतात. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर अंतर असतं. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल तर कान नाकाच्या मानाने जवळजवळ पाव हिश्श्याने लहान पडतात. तोच कॅमेरा दोन मीटरवर नेला तर फरक सहा टक्क्यांवर येतो. म्हणून सेल्फीत प्रत्येकाचं नाक फुगलेलं आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि पन्नास वेगळी माणसं एकमेकांची भावंडं वाटू लागतात. दोन-अडीच मीटर मागे उभे राहा, तिथून झूम करा. फ्लॅश बंद. ब्युटी मोड तर आधी बंद. खिडकीचा एका बाजूने येणारा उजेड पुरतो. जमलं तर उत्तरेच्या खिडकीचा घ्या, तो दिवसभर कमी बदलतो.

कातडी उजळवणं

हे मला सर्वांत जास्त खटकतं. सावळी मुलगी समोर बसलेली असते आणि कागदावर गुलाबी बाहुली उतरते. कधी विद्यार्थी न बघता फ्लेश टिंटची, म्हणजे तयार गुलाबीसर कातडी-रंगाची ट्यूब पिळतो, कधी घरचेच सांगतात, ‘जरा उजळ करा हो’. मी करत नाही. रंग हा त्या माणसाच्या ओळखीचा भाग आहे, तो बदलून दिला तर आपण त्याला सांगतो की तू आहेस तसा चालत नाहीस.

आणि चित्रकार म्हणून सांगतो, सावळ्या कातडीत रंगांची श्रीमंती जास्त असते. कपाळावर आकाशाचा निळसर उजेड पडतो, गालात तांबूस ऊब असते, हनुवटीखाली साडीचा हिरवा किंवा पिवळा परत फिरलेला असतो. मी यलो ऑकर, लाईट रेड, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, थोडासा व्हिरिडियन (निळसर हिरवा) आणि पांढरा घेतो. काळा घेत नाही. पांढरा जपून वापरतो, कारण पांढरा वाढला की कातडी खडूसारखी होते.

पणजीला गेलात तर फुंदासाव ओरिएन्ते या पोर्तुगीज संस्थेत आंतोनियो शाव्हिएर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रं बघा. गोव्यात जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला आणि तिथेच शिकवणारा हा चित्रकार. त्यांनी पत्नीला आणि घरच्यांना अनेकदा समोर बसवून रंगवलं. वासुदेव कामतांना अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचं सर्वोच्च पारितोषिक २००६ मध्ये मिळालं, तेही पत्नीच्याच चित्रासाठी. मुलं ओळखीची माणसं सोडून इंटरनेटवरच्या सुरकुतलेल्या अनोळखी म्हाताऱ्यांचे फोटो रंगवतात, तेव्हा मी ही दोन नावं सांगतो. रोज पाहिलेला माणूस रंगवा.

प्रोजेक्टर आणि कागदी स्टंप

प्रोजेक्टरने चेहरा उतरवून घेणाऱ्यांशी मी वाद घालत बसत नाही, पण पहिली तीन वर्षं ते करू नका. उतरवलेल्या रेषेत तुमचा निर्णय नसतो. काय मोठं करायचं, काय सोडायचं, हे डोळ्याने ठरवायची सवय लागतच नाही, आणि रेषा पुसली गेली की हात थबकतो. स्टंपने, म्हणजे टोन पसरवायच्या गुंडाळलेल्या कागदाच्या कांडीने, घासून गुळगुळीत केलेल्या चेहऱ्यांचंही तसंच. गालाचं हाड कुठे वळतं हे माहीत नसलं की घासून लपवतात. हाड जिथे वळतं तिथे कड ठेवा, मांस जिथे मऊ आहे तिथेच ती विरू द्या.

घाई करणाऱ्यांना राग येतो, तरी सांगतो: एका महिन्यात ‘रिअलिस्टिक पोर्ट्रेट’ शिकवणाऱ्या वर्गांतून आलेल्या मुलांना मला आधी सहा महिने पुसायला शिकवावं लागतं.

मॉडेलला पुतळा करणं

‘हलू नका’ हे वाक्य माझ्या वर्गात बंद आहे. हलू नका म्हटलं की माणूस चेहरा बंद करून बसतो. वीस मिनिटं बैठक, पाच मिनिटं सुट्टी. खुर्चीचे आणि पायांचे ठसे खडूने आखून ठेवा, म्हणजे परत तिथेच बसवता येतं. पहिली बैठक तर मी बोलण्यातच घालवतो, वही मांडीवर ठेवून. माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की हात आपोआप खऱ्या जागी जातात. ती जागा पकडायची.

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊस्करांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीभूमिकेतलं. नाटकाला जाल तेव्हा अर्धा तास आधी जा आणि दोन्हींसमोर आळीपाळीने उभे राहा. दागिने आणि कपडे मनातून वजा करा, मग मान, खांदे आणि हात तेवढे बघा. एकाच माणसात किती मावतं ते कळेल.

उरलेल्या चुका थोडक्यात

डोळ्यातला पांढरा भाग पांढरा नसतो, वरच्या पापणीची सावली त्यावर पडते. दात एकेक मोजून काढू नका, एकच फिकट पट्टी पुरे. केस काळ्याने भरू नका, आधी डोक्याची गोलाई दाखवा. हात जमत नाहीत म्हणून खिशात घालू नका. पार्श्वभूमीला मावळता सूर्य नको. पहिल्याच बैठकीत हायलाईट, म्हणजे सर्वांत उजळ ठिपके, लावू नका. चित्र आरशात उलटं बघा, वाकडी हनुवटी तिथे लगेच दिसते. आणि पूर्ण झालंसं वाटलं की आठ दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा, मग सकाळच्या उजेडात वळवा.