गुन्हे घटले, पण कशामुळे? कोल्हापूरचे आकडे तपासण्याची रीत

गुन्हे घटल्याची बातमी आली की त्याचे श्रेय गस्त, नाकाबंदी आणि तडीपारीला दिले जाते. चौकातल्या गप्पांत मात्र कुणीतरी हमखास सांगते की पोरांना शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम मिळाले म्हणून हे झाले. हे दोन्ही दावे घरबसल्या तपासता येतात, फक्त आकडे योग्य रीतीने मागावे लागतात.

सर्वप्रथम ‘एकूण गुन्हे’ हा आकडा बाजूला ठेवावा. 2020 मध्ये टाळेबंदीमुळे देशभर चोऱ्या कमी झाल्या, तरीही सरकारी आदेश मोडल्याबद्दल कलम 188 खाली दाखल झालेल्या गुन्ह्यांमुळे एकूण आकडा मोठ्या प्रमाणात वाढला. त्यामुळे खून, घरफोडी, दुचाकी चोरी असे एकेक प्रकार वेगळे घ्यावेत आणि त्यांतही नोंदीवर कितपत भरवसा ठेवता येईल ते पाहावे. महाद्वार रोडच्या गर्दीत मोबाईल गेला, तर पुष्कळदा तो ‘गहाळ’ म्हणून लिहिला जातो आणि चोरीच्या आकड्यात येतच नाही. दुचाकी गेली, तर विम्यासाठी एफआयआर लागतोच, म्हणून मालक तो घेतल्याशिवाय ठाण्यातून हलत नाही. त्यामुळे दुचाकी चोरीचा आकडा मोबाईल चोरीच्या आकड्यापेक्षा कितीतरी विश्वासार्ह असतो. सोनसाखळी चोरीबाबत आणखी एक सावधगिरी हवी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्यासाठी कलम 304 स्वतंत्रपणे आले असून पूर्वी हेच प्रकार चोरी किंवा जबरी चोरीत मोजले जात, त्यामुळे या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे थेट शेजारी ठेवू नयेत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालातील महानगरांचे तक्ते वीस लाखांवर लोकसंख्येच्या शहरांचे असतात. 2011 च्या जनगणनेत 5,49,236 लोकसंख्या असलेले कोल्हापूर त्यांत येत नाही, आणि येथे पोलीस आयुक्तालय नसल्याने शहराचा हिशेब जिल्ह्याच्या हिशेबात मिसळून जातो. म्हणून पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करावा आणि लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, जुना राजवाडा व राजारामपुरी या ठाण्यांचे किमान दहा वर्षांचे, महिनावार आणि कलमनिहाय आकडे मागावेत. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. आकडे हाती आल्यावर 2019 आणि 2021 च्या महापुराचे महिने तसेच टाळेबंदीचा काळ यांवर खूण करावी. या महिन्यांवरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

खरी कसोटी तारखांची आहे. पोलिसांची योजना कोणत्या महिन्यात सुरू झाली आणि घट कोणत्या महिन्यापासून दिसते, हे समोरासमोर मांडावे. न्यूयॉर्कचे उदाहरण येथे उपयोगी पडते: तेथील पोलिसांची आकडेवारीवर चालणारी गाजलेली पद्धत 1994 मध्ये सुरू झाली, परंतु 1990 मधील 2,245 खुनांचा आकडा 1993 पर्यंतच दोन हजारांच्या आत आला होता, आणि अशी पद्धत न राबवणाऱ्या कॅनडातही त्याच दशकात गुन्हे घटले. पुढे त्याच शहरात रस्त्यावर अडवून झडती घेण्याचे प्रकार 2011 मधील सुमारे 6,85,000 वरून 2015 मध्ये 23,000 च्या आसपास आले, तरी खून वाढले नाहीत. यावरून पोलीस निरुपयोगी ठरत नाहीत. 1972-73 मध्ये कॅन्सस सिटीत सरसकट गस्त वाढवून किंवा काढून घेऊन फारसा फरक पडला नाही, पण मिनियापोलिसमध्ये मोजक्या ठिकाणांवर गस्त केंद्रित केल्यावर तेथील उपद्रव कमी झाला. गस्त किती वाढवली यापेक्षा ती कोणत्या गल्लीत आणि कोणत्या वेळी होती, हेच विचारावे.

त्यानंतर शेजाऱ्यांकडे पाहावे. राजारामपुरीतील घट इचलकरंजी आणि सांगली-मिरजेतही तेवढीच असेल, तर राजारामपुरीतील योजनेला त्याचे श्रेय देता येणार नाही.

सामाजिक कारणांनाही हीच कसोटी लावावी. ‘रोजगार वाढला’ एवढे म्हणून भागत नाही. अमेरिकेत 2008 नंतरच्या मंदीत बेरोजगारी वाढूनही गुन्हे घटतच राहिले. उलट खिशातली रोकड कमी होऊन व्यवहार मोबाईलवर गेले की पाकीटमारी घटते आणि ऑनलाइन फसवणूक वाढते, म्हणून सायबर गुन्ह्यांचे आकडे सोबत मागितल्याशिवाय घट खरी मानू नये. भारतातील खुनांचे प्रमाण 1992 मध्ये लाख लोकांमागे 4.6 होते, ते 2022 मध्ये 2.1 झाले. अशी संथ, सर्वदूर घट कोणत्याही एका पोलीस ठाण्याच्या कर्तबगारीने होत नसते. तिथे समाजातील बदलांकडेच पाहावे लागते. याउलट एकाच भागात, एकाच प्रकारात अचानक आलेली घट बहुधा पोलिसांची असते, असे माझे मत आहे.

अशा घटीमागे अनेकदा एखादी टोळीच असते. स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखेने दुचाकी चोरांची एक टोळी पकडली, तरी लहान ठाण्याचा वर्षाचा आकडा निम्म्यावर येऊ शकतो, म्हणून टक्केवारीसोबत मूळ संख्या लिहिल्याशिवाय तुलना करू नये. टोळी जामिनावर सुटली असल्यास सुटकेनंतरच्या सहा महिन्यांचे आकडेही त्याच अर्जात मागावेत.