लॅटिनचे आकडे आणि विशेषणं: मराठीवाल्यांना सोपं जातं
लॅटिन नुकतं सुरू केलं असेल तर आकड्यांचे तक्ते घोकत बसू नका, आधी हे बघा की शंभरपर्यंत लिंग-विभक्तीप्रमाणे बदलतात फक्त पहिले तीनच. एकसाठी ऊनुस, ऊना, ऊनुम, दोनसाठी दुओ, दुआए, दुओ आणि तीनला त्रेस, नपुंसकलिंगात त्रिआ. पुढे चारपासून शंभरपर्यंत साधे आकडे तसेच्या तसे राहतात, लिंग नाही विभक्ती नाही, दोनशेपासून मात्र परत बदलायला लागतात (दुकेंती, दुकेंताए, दुकेंता). आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एकोणीस! लॅटिनमध्ये ऊंदेवीगिंती, म्हणजे वीसमधून एक कमी, अगदी आपल्या एकोणीससारखंच, फक्त ते अठरालाही तसंच करतात, दुओदेवीगिंती, वीसमधून दोन कमी.

विशेषणाचंही तसंच, आपण चांगला, चांगली, चांगलं म्हणतो तसं बोनुस, बोना, बोनुम. पण इथे एक चूक जवळपास सगळे करतात, शेवटचा आवाज जुळवायला जातात. नाउता म्हणजे खलाशी, शब्द आ-कारान्त पण पुल्लिंगी, म्हणून नाउता बोनुस, बोना नाही. विशेषण नामाच्या लिंगाशी, वचनाशी आणि विभक्तीशी जुळतं, शेपटीशी नाही. त्यामुळे वहीत नवीन नाम लिहिताना कधीच एकटं लिहू नका, सोबत बोनुस, बोना किंवा बोनुम लावूनच लिहा आणि मोठ्याने म्हणा, लिंग वेगळं पाठ करावं लागत नाही.