स्टिअरिंगवरची बटणं बिघडली की आधी काय बघायचं: गाड्यांच्या वायरिंगच्या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

"आवाज वाढवायला जावं तर गाणं बदलतं." "फोन उचलायचं बटण कधी चालतं, कधी नाही." "वळण घेताना बटणंही जातात आणि हॉर्नही." दहा-बारा वर्षं जुनी गाडी घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार बहुतेक वेळा या तीनपैकी एक असते. ऐकायला तिन्ही सारख्या वाटतात, पण त्यांची कारणं वेगवेगळ्या ठिकाणी असतात. हे ठिकाण पाना हातात घेण्याआधी ओळखता येणं, हेच या कामातलं खरं कसब आहे.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. आयटीआयला मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड केला आणि मग एका उस्तादाकडे हेल्पर म्हणून लागलो. तिथं बॅटरी, सेल्फ, हेडलाइट हे सगळं शिकायला मिळालं. स्टिअरिंगची बटणं मात्र कुणी बसून शिकवत नाही. बहुतेक ठिकाणी "क्लॉक स्प्रिंग गेली" (स्टिअरिंगमागची गुंडाळलेल्या केबलची डबी) म्हणून पार्ट बदलून टाकतात. काही हजारांचा पार्ट बसतो, गिऱ्हाईक पैसे देतं आणि कधीकधी तक्रार तशीच राहते. नव्या मुलांनी या सवयीला लागू नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ही बटणं चालतात कशी ते समजून घ्या. जुन्या गाड्यांत प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते. सगळी बटणं एकाच वायरवर, फार तर दोन वायरींवर असतात आणि सोबत एक अर्थ असते, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वायर. प्रत्येक बटणामागे वेगळ्या ओहमचा रेझिस्टर असतो, म्हणजे करंटला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग. म्युझिक सिस्टिम त्या वायरवर थोडं व्होल्टेज देऊन ठेवते. बटण दाबलं की ते व्होल्टेज ठरावीक आकड्यापर्यंत उतरतं आणि त्या आकड्यावरून कोणतं बटण दाबलं हे सिस्टिम ओळखते.

समजा सिस्टिमच्या आत 5 व्होल्ट आहेत आणि 1000 ओहमचा रेझिस्टर आहे. आवाज वाढवण्याचं बटण 330 ओहमचं आणि गाणं पुढे नेण्याचं 470 ओहमचं. पहिलं दाबलं की वायरवर साधारण 1.24 व्होल्ट मिळतात, दुसरं दाबलं की 1.60. आता पहिल्या बटणाच्या आत घाण बसून 140 ओहमचा जास्तीचा अडथळा तयार झाला तर 330 चे 470 होतात. सिस्टिमच्या दृष्टीनं तुम्ही गाणंच बदललंत. तिचं काही चुकत नाही, तिच्यापर्यंत आकडाच चुकीचा पोचतो.

एवढं डोक्यात बसलं की अर्धं निदान झालं. घाण, गंज, ढिला कपलर (वायरी जोडणारं प्लास्टिकचं सॉकेट), यांनी रेझिस्टन्स वाढतोच. म्हणून एकच बटण चुकत असेल तर दोष त्या बटणात शोधा. सगळीच बटणं आपल्या पुढच्या बटणासारखी वागत असतील तर दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेवर आहे: वायर, अर्थ, कपलर किंवा क्लॉक स्प्रिंग. आणि कुणी हात न लावता आवाज आपोआप वाढत असेल तर उलटी गोष्ट, म्हणजे ओल किंवा सांडलेलं सरबत आत जाऊन बटण न दाबताही करंटची गळती सुरू झालेली असते.

म्हणून गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायला लाजू नका. सगळी बटणं बिघडली आहेत की एकच? स्टिअरिंग सरळ असताना चालतात का? हॉर्न नीट वाजतो का? एअरबॅगचा दिवा लागलाय का? मध्ये कुठं स्टिअरिंगचं किंवा बाहेरच्या म्युझिक सिस्टिमचं काम केलं होतं का? दिवसा आणि रात्री फरक पडतो का?

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम विचारतो, त्याचं कारण मालवणहून आलेली एक हॅचबॅक. दिवसा सगळं ठीक, रात्री मात्र आवाजाचं बटण दाबलं की गाणं पुढे जायचं. आधीच्या दोन ठिकाणी बटणांचा पॅड बदलायला सांगितलं होतं. मी मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्रत्येक बटण दाबून पाहिलं, आकडे स्वच्छ होते. अर्थच्या वायरीत पाच-सहा ओहम जास्तीचे दिसले, आणि 330 पुढे पाच-सहा म्हणजे काहीच नाही असं कुणालाही वाटेल. मग मीटर व्होल्टवर घेतला. एक टोक स्टिअरिंगच्या अर्थ पिनवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. लाइट बंद असताना जवळपास शून्य. पार्किंग लाइट लावल्याबरोबर 0.3 व्होल्ट.

झालं होतं असं की बटणांच्या मागचे छोटे दिवे आणि बटणांचे रेझिस्टर एकाच अर्थवर होते. रात्री दिव्यांचा करंट त्या गंजलेल्या पिनमधून जायचा आणि अर्थच 0.3 व्होल्टनं वर उचलली जायची. 1.24 चा आकडा मग 1.46 च्या आसपास जातो, म्हणजे 1.60 च्या बाजूला झुकतो. स्टिअरिंग कॉलमच्या खालच्या कपलरमध्ये एक पिन हिरवी पडली होती. किनाऱ्यावरच्या गाड्यांत खारी हवा हे काम हमखास करते. पिन साफ केली, तिची पकड घट्ट केली, मीटरवरचा आकडा शून्याजवळ आला. नवा पार्ट एकही लागला नाही. ओहमच्या मोजणीत जे दिसत नाही ते करंट वाहत असताना व्होल्टमध्ये दिसतं, आणि अर्थ तपासायची खरी रीत हीच. मीटर कुणाकडे बघून शिकायचं असेल तर आधी ही एक मोजणी शिका.

आता क्लॉक स्प्रिंग. स्टिअरिंग फिरतं, त्याच्या मागची वायरिंग जागेवरच असते, मग वायर पिळत कशी नाही? स्टिअरिंगच्या मागे प्लास्टिकच्या गोल डबीत पट्टीसारखी चपटी केबल गुंडाळलेली असते. स्टिअरिंग फिरवलं की ती एका बाजूला आवळते, दुसऱ्या बाजूला सैल होते. हॉर्न, एअरबॅग, म्युझिकची बटणं, असेल तर क्रूझ कंट्रोल, सगळं याच पट्टीतून जातं. ती चिरली की खूण स्पष्ट असते: स्टिअरिंग एका ठरावीक कोनात असताना बटणं जातात, सोबत हॉर्न अडखळतो किंवा एअरबॅगचा दिवा लागतो. या सोबतीच्या खुणा नसतील तर क्लॉक स्प्रिंगवर बोट ठेवायची घाई करू नका.

ती तुटायचं एक मोठं कारण गॅरेजमध्येच घडतं. रॅक किंवा कॉलमच्या कामासाठी स्टिअरिंगचा जोड सोडतात आणि काम चालू असताना वरचं चक्र मोकळं फिरतं. दोन-तीन फेरे जास्त झाले की आतली पट्टी ताणून तुटते, नाहीतर बसवताना मध्यबिंदू चुकतो आणि पहिल्याच पूर्ण वळणात ती जाते. म्हणून जोड सोडण्याआधी चाकं सरळ करा, स्टिअरिंग सीटबेल्टनं बांधून टाका. नवी क्लॉक स्प्रिंग मध्यभागी लॉक होऊन येते, ते लॉक बसवून झाल्यावरच काढा. लॉक नसेल तर हलक्या हातानं एका टोकापर्यंत फिरवून तिथून त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेले फेरे मागे या आणि खुणा जुळवा.

एअरबॅगबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत ती नसू शकते, पण नसेलच असं धरून कधी उघडू नका. पिवळा कपलर, म्हणजे एअरबॅगचा, दिसला की थांबायचं. चावी बंद, बॅटरीचा निगेटिव्ह सुटा, आणि मॅन्युअलमध्ये जेवढा वेळ दिलाय तेवढं थांबणं. मी दहा मिनिटं थांबतोच, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. एअरबॅगचा पॅड हातात घेण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. काढलेला पॅड ठेवताना कव्हरची बाजू वर, कधीही खाली नाही. आणि एअरबॅगच्या दोन पिनांवर मल्टिमीटर ओहमवर लावायचा नाही, कुणी कितीही अनुभवी माणूस सांगो. मीटरचा छोटासा करंटसुद्धा तिथं पुरेसा ठरू शकतो.

काही जण क्लॉक स्प्रिंगचा खर्च टाळायला पिवळ्या कपलरमध्ये रेझिस्टर घालून दिवा विझवून देतात. दिवा जातो आणि एअरबॅगही जाते, पण गाडीत बसणाऱ्याला वाटतं की ती आहे. हे काम मी करत नाही आणि माझ्याकडे शिकणाऱ्यालाही करू देत नाही. खर्च परवडत नसेल तर दिवा जळता राहू दे, निदान तो खरं सांगतोय.

बॅटरी सोडण्याआधी आणखी एक गोष्ट विचारा: म्युझिक सेटचा कोड आहे का? होंडाच्या जुन्या गाड्यांसारख्या काही गाड्यांत कंपनीचा सेट बॅटरी काढल्यावर चोरीविरोधी कोड मागतो. तो कागद गिऱ्हाइकाकडे नसेल तर संध्याकाळी नीट झालेली बटणं घेऊन मुका सेट परत द्यावा लागतो.

बटणांची सफाई तशी सोपी आहे, पण शांतपणे करायची. आत टीव्हीच्या रिमोटसारखंच असतं: खाली पट्ट्या, वर रबर, रबराखाली काळी कार्बनची टिकली. त्यावर घामाचा आणि डॅशबोर्ड पॉलिशचा थर बसलेला असतो. धुण्याच्या ठिकाणी पॉलिशचा स्प्रे थेट स्टिअरिंगवर मारतात, ते आत झिरपतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरतं. पट्ट्यांवर काळेपणा असेल तर पेन्सिलचा खोडरबर चालवा. कार्बनच्या टिकलीला सँडपेपर लावायचा नाही, टिकली गेली की बटण गेलं. गंज सोडवणारा तेलकट स्प्रेही नको, दोन दिवस चालतं आणि मग त्यावरच धूळ चिकटते. सफाईच्या आधी आणि नंतर प्रत्येक बटणाचा ओहम लिहून ठेवा. दाबताना आकडा थरथरत असेल तर अजून साफ झालेलं नाही.

बाहेरून बसवलेल्या अँड्रॉइड सेटच्या गाड्या आता फार येतात. त्यात की-1, की-2 अशा दोन वायरी आणि बटणं शिकवायचा मेनू असतो. यात दोन गोष्टी नेहमी चुकलेल्या दिसतात. एक, घाण बसलेल्या बटणांवरच शिकवणी केलेली असते. पुढे बटण साफ झालं की आकडा बदलतो आणि शिकवलेलं निरुपयोगी होतं. म्हणून आधी सफाई, मग शिकवणी. दुसरी, सेटची पिवळी वायर कायम चालू असलेल्या सप्लायवर नसते, लाल वायरीसोबत चावीवर जोडलेली असते. मग गाडी बंद केली की घड्याळ, ब्लूटूथची यादी, बटणं, काही सेटांत सगळंच विसरलं जातं. "रोज सकाळी बटणं शिकवावी लागतात" असं कुणी म्हणालं की आधी पिवळी वायर बघा.

फोनच्या बटणाचा घोळ निम्म्या वेळा गाडीत नसतोच. आवाजाची बटणं चालतात, गाणी वाजतात आणि फक्त कॉल उचलता येत नाही, तर फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या गाडीच्या नावापुढे "फोन कॉल" चालू आहे का पहा. कॉल आणि गाणी हे ब्लूटूथचे दोन वेगळे मार्ग आहेत, एक चालू आणि दुसरा बंद असू शकतो. जुन्या सेटमध्ये जोडलेल्या फोनांची यादी भरली की नवा फोन अर्धवट जोडला जातो. दोन्हीकडची नावं पुसून नव्यानं जोडा. तुमचा स्वतःचा फोन जोडून बघणं ही सगळ्यात स्वस्त चाचणी. तुमच्या फोनवर बटण चाललं तर बटणांच्या पॅडला हात लावायचं कारणच नाही.

फोक्सवॅगन, स्कोडासारख्या युरोपीय गाड्यांत मात्र हा ओहमचा हिशोब लागू होत नाही. तिथं बटणांचा निरोप डिजिटल रूपात स्टिअरिंगच्या मॉड्यूलकडे आणि तिथून कॅन लाइनवर, म्हणजे गाडीतल्या मॉड्यूलांना जोडणाऱ्या डेटाच्या वायरींवर जातो. बाहेरचा सेट बसवला तर मध्ये कॅन डिकोडर लागतो, आणि तो त्या मॉडेलचा नसेल तर निम्मी बटणं मुकी राहतात. अशा गाडीला स्कॅनर लावा, बटण दाबल्यावर लाइव्ह डेटात त्याची नोंद दिसते का ते पहा. दिसत असेल तर स्टिअरिंग ठीक आहे, पुढे सेटकडे शोधा.

कामाला लागताना हत्यारं फार लागत नाहीत. बरा मल्टिमीटर, बारीक टोकाच्या प्रोब, सोल्डरिंग आयर्न, हीट श्रिंक स्लीव्ह, ट्रिम काढायचे प्लास्टिकचे चिमटे. टेस्ट लॅम्प या कामात वापरू नका, तो बल्बपुरता करंट ओढतो आणि बटणांची किंवा एअरबॅगची वायर त्यासाठी नसते. त्याहून मोलाची आहे एक वही. प्रत्येक गाडीचं मॉडेल, साल, वायरींचे रंग, बटणांचे चांगले असतानाचे ओहम आणि सापडलेला दोष. काही महिन्यांत तीच मॉडेलं परत येऊ लागतात आणि मग नेटवर शोधायची गरज उरत नाही.

पैशाचं म्हणाल तर तपासणीचे पैसे वेगळे सांगा आणि आधी सांगा. एका पिनची सफाई करून तासाभरात गाडी दिली की गिऱ्हाइकाला वाटतं काहीच केलं नाही. त्याला मीटरवर आधीचा आणि नंतरचा आकडा दाखवा, वहीतली नोंद दाखवा. हे केल्यापासून तपासणीच्या पैशावर माझ्याकडे घासाघीस जवळपास होत नाही, आणि तीच माणसं आपल्या भावाची, शेजाऱ्याची गाडी घेऊन येतात.