डेस्कटॉप दिसला म्हणजे डीव्हीडी चांगली? लिनक्स टाकताना या चुका टाळा

जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकताना काम अर्ध्यावर अडकलं, की आधी हार्ड डिस्कवर खापर फुटतं. मी मात्र पहिला संशय घरी राइट केलेल्या डीव्हीडीवर घेतो.

मावसभावाच्या विंडोज 7 च्या लॅपटॉपवर असंच झालं. तो पेन ड्राइव्हवरून बूटच होईना, म्हणून डीव्हीडी केली. ती छान बूट झाली, मिंटचा डेस्कटॉप दिसला, पार्टिशन (हार्ड डिस्कचे वेगळे भाग) झालं. फायली कॉपी व्हायला लागल्या आणि ड्राइव्ह घरघरू लागला. थांबायचा, वेग घ्यायचा, पुन्हा थांबायचा. शेवटी 'एररनो 5, इनपुट/आउटपुट एरर'. "हार्ड डिस्क गेली रे दादा," भाऊ म्हणाला. मी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून कर्नलचे, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचे, संदेश पाहिले. प्रत्येक एररच्या ओळीत 'एसआर0' होतं. एसआर0 म्हणजे डीव्हीडी ड्राइव्ह. हार्ड डिस्क असती तर 'एसडीए' दिसलं असतं. एवढा फरक ओळखता आला तरी नव्या हार्ड डिस्कचा खर्च वाचतो.

मग डेस्कटॉप कसा दिसला? मिंटची जवळजवळ सगळी सिस्टीम डीव्हीडीवर 'कॅस्पर' फोल्डरमधल्या एकाच मोठ्या, दाबून बसवलेल्या फाइलमध्ये असते. डेस्कटॉप दाखवायला तिचा थोडाच भाग वाचावा लागतो, इन्स्टॉल करताना मात्र ती अख्खी वाचली जाते. मधे एक जागा जरी वाचता आली नाही, तरी काम तिथेच थांबतं. तोवर विंडोजचं पार्टिशन लहान करून झालेलं असतं. भावाचं विंडोज सुरू झालं, कारण ग्रब हा बूटलोडर, म्हणजे मशीन चालू होताना सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्राम, अगदी शेवटी बसतो. पण यावर विसंबून राहू नका, फोटो आणि कागदपत्रं आधी दुसरीकडे उतरवून ठेवा.

डीव्हीडी बिघडली ती वेगामुळे. 16एक्स लिहिलेली कोरी डीव्हीडी त्याच वेगाने राइट केली होती, आणि वाचणारा ड्राइव्ह जुना, थकलेला. आयएसओ फाइल (डाउनलोड केलेली, अख्ख्या डिस्कची प्रत असलेली फाइल) तीच ठेवून दुसरी डीव्हीडी 4एक्सवर राइट केली. वेळ जास्त लागला, पण इन्स्टॉलेशन एकदाही न अडखळता पार पडलं. राइट करताना 'व्हेरिफाय'वर खूण करा आणि ते संपेपर्यंत ट्रे उघडू नका.

त्याआधी डाउनलोड तपासा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयूटिल' ही कमांड असते. तिच्या हॅशफाइल पर्यायाने फाइलची एसएचए-256 बेरीज, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा तिचा ठसा, काढता येतो. येणारी 64 अक्षरं मिंटच्या साइटवरच्या अक्षरांशी जुळवा. शेवटची चार जुळली म्हणून सोडून देऊ नका, सगळी पाहा. फाइलच अर्धवट उतरली असेल तर कितीही सावकाश राइट करा, उपयोग नाही.

आयएसओ फाइल नुसती ओढून डीव्हीडीवर टाकणं ही चूक अजूनही होते. अशी डीव्हीडी बूट होत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: डीव्हीडी उघडल्यावर एकच आयएसओ फाइल दिसली, तर चुकलं. 'कॅस्पर', 'बूट' असे फोल्डर दिसले, तर बरोबर. विंडोज 7 पासून आयएसओवर राइट क्लिक केलं की डिस्क इमेज बर्न करायचा पर्याय मिळतो, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

आकारही बघा. साध्या डीव्हीडीचे 4.7 जीबी विंडोजमध्ये 4.38 दिसतात. मिंटची सुमारे 3 जीबीची फाइल त्यात मावते. उबुंटू 24.04 ची साडेपाच जीबीहून मोठी आहे, ती मावणार नाही. तिला 8.5 जीबीची दुहेरी थराची डिस्क हवी किंवा सरळ पेन ड्राइव्ह.

विंडोज 8 नंतरच्या मशीनवर बूट मेनूत तीच डीव्हीडी दोनदा दिसू शकते, एकदा 'यूईएफआय' (मशीन सुरू करायची नवी पद्धत) लावून आणि एकदा तसं न लावता. तुमचं विंडोज ज्या मोडमध्ये चालतं, तीच नोंद निवडा. नाहीतर लिनक्स बसतं खरं, पण सुरू करताना विंडोज आणि लिनक्स एका मेनूत येत नाहीत. याच मशीनवर विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) बंद करा, आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून मगच पार्टिशनला हात लावा.